दिशा कानात नसते

डोळ्याच्या पडद्यावर समोरच्या जगाचं चित्र उमटतं. डावीकडची वस्तू पडद्याच्या एका भागात, उजवीकडची दुसऱ्या भागात. वस्तू कुठे आहे हे डोळ्यातच नोंदलं जातं. कानाचं तसं नाही. अंतर्कर्णातल्या वेटोळ्या नळीत, म्हणजे कॉक्लियात, आवाज वेगळे होतात ते सुरांच्या उंचीनुसार. टिपेचे सूर नळीच्या तोंडाशी, खर्जातले पार आतल्या टोकाशी. आवाज कुठल्या बाजूने आला, याची नोंद करणारी जागाच तिथे नाही. तरीही गर्दीच्या फलाटावर मागून कुणी हाक मारली की मान बरोबर तिकडेच वळते. म्हणजे ही दिशा कुणीतरी हिशेब करून काढलेली असते. त्या हिशेबाचे सगळे धागे जिथे एकत्र येतात, ती जागा मध्यमेंदूत आहे.

मध्यमेंदूच्या पाठीमागच्या बाजूला चार छोटे उंचवटे असतात. वरची जोडी मुख्यतः पाहण्याशी बांधलेली, खालची ऐकण्याशी. या खालच्या जोडीला इन्फिरिअर कॉलिक्युलस म्हणतात. आकार जेमतेम काही मिलिमीटर, पण कानाकडून मेंदूच्या वरच्या थरांकडे जाणारा जवळपास प्रत्येक संदेश इथे थांबून, तपासला जाऊनच पुढे जातो. १९७७ मध्ये लुई सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाग्या उंदरांच्या मेंदूत कुठला भाग किती ग्लुकोज खर्च करतो हे मोजलं. सर्वांत जास्त खर्च या उंचवट्यांत निघाला. ऐकणं हे किती मेहनतीचं काम आहे, हे यावरून कळावं.

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो, डाव्याला नंतर आणि थोडा दबलेला. ध्वनीला आपलं डोकं ओलांडायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. त्यातही चांगल्या परिस्थितीत माणसाला दोन कानांमधला सेकंदाच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढा फरक टिपता येतो. खर्जाच्या आवाजात वेळेचा फरक कामी येतो आणि टिपेच्या आवाजात तीव्रतेचा, ही मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच केली होती. मस्तिष्कस्तंभात खाली या दोन्ही फरकांची मोजणी वेगवेगळ्या केंद्रांत होते. त्यांचा मेळ बसतो तो वर, मध्यमेंदूत.

हे प्रत्यक्ष दाखवून दिलं ते गव्हाणी घुबडाने. बदामी आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं हे घुबड आपल्याकडे जुन्या वाड्यांत, पडक्या देवळांत, धान्याच्या कोठारांत राहतं. त्याच्याविषयी आपण अपशकुनाच्या गोष्टी सांगत बसलो, पण ऐकण्याच्या विज्ञानावर त्याचे फार मोठे उपकार आहेत. मिट्ट काळोखात, पालापाचोळ्याच्या नुसत्या सळसळीवरून ते उंदीर अचूक पकडतं, हे रॉजर पेन यांनी प्रयोगांनी सिद्ध केलं. त्याची दोन कर्णछिद्रं एका पातळीवर नसतात, एक वर असतं आणि एक खाली. त्यामुळे दोन कानांमधल्या तीव्रतेच्या फरकावरून त्याला उंची कळते आणि वेळेच्या फरकावरून डावं-उजवं.

१९७८ मध्ये एरिक नुडसन आणि मासाकाझू कोनिशी यांनी घुबडाच्या डोक्याभोवती अर्धवर्तुळाकार रुळावर एक स्पीकर फिरवला आणि मध्यमेंदूतल्या एकेका पेशीची हालचाल टिपली. एक पेशी अवकाशातल्या एका ठरावीक तुकड्यातून आवाज आला तरच जागी होई, इतर वेळी गप्प राही. तिची शेजारीण शेजारच्या तुकड्याला दाद देई. कानात कुठेही नसलेला जगाचा नकाशा मध्यमेंदूने दोन फरकांच्या आधारावर स्वतः रचला होता. मेंदूविज्ञानातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी हा एक आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुढची गोष्ट याहून महत्त्वाची. नुडसन यांनी घुबडाच्या पिल्लांना लोलकाचे चष्मे लावले. सगळं दृश्य एका बाजूला सरकलं. कान जसेच्या तसे होते, तरी काही आठवड्यांत मध्यमेंदूतला आवाजाचा नकाशाही डोळ्यांशी जुळवून घेत त्याच बाजूला सरकला. हेच चष्मे एकदम मोठ्या घुबडांना लावले, तर नकाशा फारच थोडा हलला. म्हणजे हा नकाशा शिकण्यातून पक्का होतो आणि शिकण्याचं वय असतं.

माणसाच्या बाळालाही ऐकण्याचा अनुभव वेळेवर मिळावा लागतो, म्हणून नवजात बाळाच्या श्रवणचाचणीला उशीर परवडत नाही. ‘बेरा’ चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टक्‌टक्‌ असे आवाज सोडतात आणि मस्तिष्कस्तंभातून उठणाऱ्या लहरी मोजतात. ज्युइट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये या लहरींना क्रमांक दिले. पहिली श्रवणचेतेची. पाचवी, सर्वांत ठळक, मध्यमेंदूत शिरणाऱ्या मार्गाची. पहिल्या दहा मिलिसेकंदांत हा सगळा प्रवास कागदावर उमटतो.

इथे एक गोष्ट पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. बऱ्याच ठिकाणी आधी ‘ओएई’ ही सोपी, झटपट चाचणी होते. ती कॉक्लियातल्या पेशींपुरती असते. जन्मल्यावर तीव्र कावीळ झालेल्या, विशेषतः रक्त बदलावं लागलेल्या बाळात बिलिरुबिन श्रवणचेतेला, मस्तिष्कस्तंभातल्या श्रवणकेंद्रांना आणि याच उंचवट्यांना इजा करू शकतं. अशा वेळी कॉक्लिया शाबूत राहते, ओएई ‘पास’ येते, आणि बाळाला मात्र आवाज धड पोचत नसतो. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळाची बेरा झालीच पाहिजे. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितली नाही तर मागून घ्यावी.

घरातल्या ज्येष्ठांचंही थोडं वेगळं पाहायला हवं. ‘ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत’ ही त्यांची तक्रार अगदी खरी असते. कानाकडून येणारे संदेश क्षीण झाले की मध्यमेंदूतल्या पेशी आपली संवेदनशीलता वाढवतात. शिवाय, म्हाताऱ्या उंदरांत दिसलं आहे की नको ते आवाज दाबणारं गाबा हे रसायन तिथे कमी होतं. अशा माणसाशी ओरडून बोललं तर गोंगाटच वाढतो. समोर बसून, टीव्ही बंद करून, सावकाश बोललेलं त्यांना कळतं. आणि दोन्ही कान अधू असताना खर्च वाचवायला एकाच कानाला यंत्र घ्यायचं, हा बेत बहुतेकदा महागात पडतो. मध्यमेंदूला तुलना करायला दोन कान लागतात. एकाच बाजूने आवाज मोठा झाला, तर रिक्षा कुठून येते आहे आणि चौघांत कोण बोलतंय, हे ओळखणं अवघडच राहतं. दोन यंत्रांचा खर्च झेपत नसेल तर श्रवणतज्ज्ञांशी तसं स्पष्ट बोलावं आणि सरकारी योजनांची चौकशी करावी.