दिवा पेटला, पण कुलूप लागलं का?

ऐन श्रावणात, मावळातल्या एका ओढ्याच्या चढणीवर माझी जुनी जीप एका बाजूने चिखलात बसली. मागचं डावं चाक गरगर फिरत होतं, उजवं ढिम्म. लॉकरचं बटण दाबलं, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटला, क्लच सोडला, आणि पुन्हा डावं चाक एकटंच फिरलं. पुढचा अर्धा तास दोर बांधण्यात आणि शिव्या घालण्यात गेला. घरी येऊन गाडीखाली शिरलो तेव्हा दिसलं की आक्सलकडे जाणारी वायर पाट्याच्या यू-बोल्टवर घासून तुटली होती. वायरिंग मीच केलेलं, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. दिव्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्याने सांगितलं; मी त्यातून जास्तीचं ऐकलं.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा पल्ला कापावा लागतो, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल लागतो. पण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटतो. चिखलातलं चाक जोर घेतच नसेल, तर कोरड्या दगडावरच्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य येतो. लॉकर ही वाटणी बंद करतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसवल्यासारखी फिरतात.

कुलूप लावायच्या तऱ्हा निरनिराळ्या. फोर्स गुरखात ते लिव्हरने लागतं. एआरबीचे लॉकर हवेच्या दाबावर चालतात. टोयोटाच्या लँड क्रूझर ८० मध्ये छोटी मोटर आतला काटा सरकवते. जीप रँग्लर रुबिकॉनच्या टीजे पिढीत हवेचे पंप होते. २००७ च्या जेके पिढीपासून तिथे विजेची कॉइल आली. २०२० च्या थारमध्ये मिळणारा मेकॅनिकल लॉकर तर बटणाशिवाय, चाकांच्या गतीतला फरक वाढला की आपला आपणच लागतो. इथे बोलायचं ते कॉइलवाल्याबद्दल, कारण घरी वायरिंग करायचा प्रसंग बहुधा त्याच्यावरच येतो.

या प्रकारात डिफरन्शियलच्या पिंजऱ्याशेजारी तांब्याच्या वेटोळ्यांचं एक कडं बसवलेलं असतं. वीज आली की ते चुंबक होतं आणि शेजारून फिरणाऱ्या चकतीला अडवून धरतं. चकतीला उतार असतात. ती मागे रेंगाळली की त्या उतारांवरून खुंट्या पुढे ढकलल्या जातात आणि साइड गिअरच्या खाचांत शिरतात. म्हणजे नुसत्या विजेने काम होत नाही. चाक थोडं तरी फिरावं लागतं, तेव्हा कुलूप बसतं.

आता हिशेब. मल्टिमीटरने कॉइलचा रोध आधी मोजून घ्या. समजा तो ३ ओम भरला, तर १२ व्होल्टला ४ अँपियर प्रवाह. हा आकडा थंड कॉइलचा. कॉइल बुडालेली असते गिअर ऑइलमध्ये, आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. तेल १०० अंशांवर गेलं की ३ चे जवळपास ४ ओम होतात आणि प्रवाह ३ अँपियरवर उतरतो. चुंबकाची ओढ तेवढी कमी. त्यात वायर बारीक वापरली की संपलंच. बॅटरीपासून मागच्या आक्सलपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर वायर धरली, तर अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ४ अँपियरला १.४ व्होल्ट वाटेतच जिरतात. दीड चौरस मिलिमीटरची घेतली की जेमतेम अर्धा व्होल्ट. वायरमध्ये पैसे वाचवू नयेत.

चार अँपियर चांगल्या प्रतीचा स्विच सहज पेलतो, मग रिले कशाला? एक कारण असं की जाड वायर डॅशबोर्डपर्यंत फिरवून आणावी लागत नाही. दुसरं महत्त्वाचं. कॉइलची वीज तोडताच ती उलटा झटका मारते, शेकडो व्होल्टचा, आणि स्विचच्या टोकांवर ठिणगी पडून ती काळवंडतात. यावर उपाय म्हणजे लॉकरच्या दोन वायरींमध्ये एक डायोड, उदाहरणार्थ १एन५४०८, पट्ट्याची बाजू धन टोकाकडे ठेवून. उलटा लावलात तर बटण दाबताच फ्यूज उडेल आणि चूक लगेच कळेल.

जोडणी अशी. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात १० अँपियरचा लाल फ्यूज. तिथून रिलेचं ३० नंबरचं टोक. ८७ मधून निघालेली वायर लॉकरकडे. लॉकरची दुसरी वायर चासीला अर्थ, रंग खरवडून उघड्या लोखंडावर, आणि वर ग्रीस. आता रिलेची स्वतःची कॉइल: ८६ ला इग्निशननंतरची वीज डॅशवरच्या बटणातून, आणि ८५ थेट अर्थ न करता ट्रान्सफर केसवरच्या लो रेंजच्या स्विचमधून अर्थ. पुष्कळ जुन्या गाड्यांत हा स्विच लो रेंजच्या दिव्याची अर्थ बाजूच जोडतो-तोडतो, त्यामुळे गाडी फोर-लोमध्ये नसेल तर बटण कितीही दाबा, रिले हलत नाही. नव्या गाडीत तीच वायर कंट्रोल मॉड्यूलकडे जाते. तिला टोचा मारू नका, वेगळा स्विच बसवा.

फोर-लोशिवाय लॉक लागू न देणारी ही अडवणूक मला अत्यावश्यक वाटते. लॉक लावून डांबरी रस्त्यावर वळलात तर टायर घासतात, आक्सल शाफ्टला पीळ पडतो, आणि लॉक पुढच्या आक्सलचं असेल तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. पुढे-मागे दोन लॉकर असतील तर पुढच्या बटणाची वीज मागच्याच्या बटणानंतर घ्यायची. लँड क्रूझर ८० च्या खटक्यावर हाच क्रम होता: आधी बंद, मग मागचं, मग मागचं-पुढचं दोन्ही. मागचं लावल्याशिवाय पुढचं लावायची सोयच ठेवलेली नव्हती.

वायर नेण्याचं काम कंटाळवाणं, पण माझ्या अनुभवाप्रमाणे नव्वद टक्के भानगडी तिथेच होतात. आक्सल वरखाली होतो, चासी होत नाही. ब्रेकची लवचीक नळी ज्या वाटेने गेली आहे तीच वाट धरा. कंपनीने तिथे आधीच डोकं चालवलेलं असतं. जॅकने चासी उचलून आक्सल पूर्ण लोंबू द्या आणि त्या स्थितीत वायर ताणली जात नाही ना, ते पाहा. सायलेन्सरपासून हातभर लांब राहा. रिले पाणी वर येणार नाही अशा ठिकाणी, टोकं खाली करून.

राहता राहिला दिवा. तो बटणावरून घेतला तर बटण दाबलंय एवढंच कळतं. ८७ वरून घेतला तर रिले लागल्याचं कळतं. माझा तसाच होता, आणि वायर तुटली होती त्याच्या पुढे. टोयोटाने मोटरच्या जागीच स्थिती सांगणारा स्विच ठेवला, म्हणून तिथे दिवा आधी लुकलुकतो आणि काटा खरोखर बसल्यावरच स्थिर होतो. कॉइलवाल्याला अशी सोय नसेल तर मी दिव्याबरोबर एक छोटा अँपियर-मीटर ८७ च्या वायरमध्ये बसवतो. मीटरचा काटा तीन-चारच्या आसपास गेला तर वीज कॉइलपर्यंत पोचून परतली. शून्यावर राहिला तर खाली उतरून वायर शोधायची.

खुंट्या बसल्या की नाही, हे मात्र मीटरलाही कळत नाही. त्यासाठी सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावायचे, मागचा आक्सल स्टँडवर घ्यायचा, हँडब्रेक सोडायचा, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये आणि फोर-लोमध्ये, इग्निशन चालू. डावं चाक हाताने फिरवा. उजवं उलट दिशेने फिरेल. आता कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि डावं चाक हळूहळू ढकलत राहा. थोडं सरकेल, आतून टक् असा आवाज येईल, आणि चाक जागच्या जागी थांबेल. बटण बंद केल्यावरही ते कधीकधी अडकूनच राहतं. उलट बाजूला किंचित ढकललं की खुंट्या मोकळ्या होतात आणि समोरचं चाक पुन्हा उलटं फिरू लागतं.