संगणकाचे शीतकरण आणि तांब्याची नळी

बेळगाव-निपाणी भागातील जुन्या घरांत तांब्याचा बंब सर्वांच्या परिचयाचा आहे. मधल्या नळकांड्यात विस्तव, सभोवार पाणी आणि दोहोंमध्ये तांब्याचा पत्रा, अशी त्याची रचना असते. पाण्याने थंड राखल्या जाणाऱ्या संगणकातही उष्णता तांब्यातूनच पाण्यात उतरते. भेद इतकाच की, बंबात तापलेले पाणी हवे असते, तर संगणकात ते उष्णता वाहून नेणारे केवळ साधन होय.

समान आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत २०१९ साली कार्यान्वित झालेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात याच गुणाचा उपयोग करण्यात आला आहे. घरगुती संगणकासाठी हीच व्यवस्था लहान प्रमाणात करता येते. प्रोसेसरवर बसणारी तांब्याची पोकळ चकती, पंप, पंखे जोडलेला रेडिएटर व त्यांना सांधणाऱ्या नळ्या, एवढे तिचे घटक होत.

नळी तांब्याची घेतल्यास संगणक अधिक थंड राहील, ही समजूत मात्र साधार नाही. तांबे अॅल्युमिनियमच्या सुमारे पावणेदोन पट उष्णता वाहून नेते, हे खरे. परंतु त्याचा लाभ चकतीत व रेडिएटरमध्ये मिळतो. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असता २५० वॅट उष्णतेने त्याचे तापमान एक अंशानेही वाढत नाही, आणि सेंटिमीटरभर जाडीची, मीटरभर लांबीची उघडी नळी हवेत जेमतेम दोन-चार वॅट सोडते. उरलेले काम रेडिएटरलाच करावे लागते. तांब्याच्या नळीचे खरे गुण निराळे आहेत : ती उष्णतेने मऊ पडत नाही, तिच्यातून पाणी झिरपून उडून जात नाही आणि दिलेला आकार ती सोडत नाही.

हा आकार देणे हेच कौशल्याचे काम होय. कडक नळी प्रथम तापवून मऊ करावी आणि आत कोरडी वाळू ठासून किंवा स्प्रिंग घालून सावकाश वाकवावी. घाई केल्यास नळी चेपते व प्रवाह मंदावतो. डाख देऊन सांधा जोडल्यास आतील फ्लक्स पूर्णपणे धुऊन काढणे अगत्याचे आहे. तांब्याच्या भांड्यात ताक का ठेवीत नाहीत, हे घरोघर ठाऊक आहेच.

सर्वांत मोठा धोका धातूंच्या मिश्रणाचा. स्वस्त रेडिएटर पुष्कळदा अॅल्युमिनियमचे असतात. एकाच पाण्यात दोन्ही धातू आल्यास विद्युत-रासायनिक क्रियेने अॅल्युमिनियम झिजते, गाळ चकतीच्या बारीक खाचांत अडकतो आणि अखेर गळती सुरू होते. म्हणून रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्यावा. विहिरीचे वा नळाचे क्षारयुक्त पाणी टाळून ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक द्रव्य मिसळावे.

तांबे विजेचे उत्तम वाहक असल्याने नळीचा मदरबोर्डला स्पर्श होऊ देऊ नये. जोडणी पूर्ण झाल्यावर संगणक बंद ठेवून केवळ पंप एक अहोरात्र चालवावा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवावा. कागदावर ओलाव्याचा ठिपका जरी दिसला, तरी सांधा पुन्हा करून ही परीक्षा प्रथमपासून घ्यावी.