चांगल्या प्रथिनाला लाल टॅग

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या कुदळवाडीची ओळख कित्येक वर्षे भंगाराची बाजारपेठ अशीच होती; तिथली गोदामे महापालिकेने फेब्रुवारी 2025 मध्ये पाडली. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना भंगाराची सुरुवात कुठे होते ते ठाऊक आहे. तपासणीत नापास झालेल्या पार्टला लाल टॅग लागतो आणि तो रिजेक्शनमध्ये जातो. पेशीतही असेच चालते. बिघडलेल्या किंवा काम संपलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन या 76 अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते आणि प्रोटिआसोम नावाचे नळकांड्यासारखे यंत्र त्याचे तुकडे करते. ही टॅगची पद्धत उलगडणाऱ्या ॲरन सिचॅनोव्हर, अवराम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

टॅग भलत्यालाच लागला तर? पी53 हे प्रथिन डीएनएला इजा झालेल्या पेशीचे विभाजन रोखते. दुरुस्ती जमत नसेल तर त्या पेशीला मरायला लावते. ह्युमन पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे, 16 आणि 18 हे प्रकार नेमके त्याच्यावरच उठतात. विषाणूचे ई6 प्रथिन पेशीतल्याच ई6एपी या एन्झाइमला हाताशी धरते आणि धडधाकट पी53 ला टॅग लावून घेते. प्रोटिआसोम आपले काम चोख बजावतो आणि पेशीचा पहारेकरीच नाहीसा होतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग असा सुरू होतो.

मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात डॉक्टर उलटी चाल खेळतात. तिथे बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिआसोमलाच अडवते. अमेरिकेत त्याला 2003 मध्ये मान्यता मिळाली.

पुन्हा एचपीव्हीकडे येऊ. त्याच्या संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे तरी जातात आणि तेवढा अवधी आपल्या हाती असतो. त्या अवधीत तपासणी केली तर जीव वाचतात, याचा भक्कम पुरावा आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याने जगाला दिला. तिथल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवरचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटात एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय या कामात होते. खेड्यातल्या बायांनी विश्वासाने दिलेले हे ज्ञान आपण वापरत नसू, तर तो त्यांच्यावर अन्याय आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही एचपीव्हीविरोधी लसही 2023 पासून उपलब्ध आहे. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर डॉक्टरांना लसीबद्दल विचारा. आणि तिशी ओलांडलेल्या आई, बहीण, पत्नीची तपासणी पुढे ढकलू नका.