चार कड्यांत पाचवी

१३६१च्या जुलै महिन्यात डेन्मार्कचा राजा वाल्डेमार याच्या फौजेनं बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावरच्या शेतकऱ्यांना विस्बी शहराच्या तटाबाहेर गाठलं. तटाचे दरवाजे बंद होते. शेतकरी कापले गेले आणि मोठाले खड्डे खणून त्यांना एकत्र पुरण्यात आलं. एरवी मेलेल्याच्या अंगावरचं लोखंड कुणी मातीत जाऊ देत नसे, इतकं ते मोलाचं होतं. इथे मात्र पुष्कळसं तसंच राहिलं. ऐन उन्हाळ्यात प्रेतं लवकर कुजू लागली म्हणून ते काढायला कुणी धजलं नसावं, असं संशोधक मानतात. विसाव्या शतकात हे खड्डे उकरले तेव्हा अकराशेहून अधिक माणसांचे अवशेष मिळाले. काही कवट्यांवर लोखंडी कड्यांच्या टोप्या अजून घट्ट बसलेल्या होत्या. अनेकांच्या नडग्यांवर तलवारीचे घाव होते, कारण पाय उघडे होते.

त्याच विस्बीत १९८४पासून दर ऑगस्टला ‘मध्ययुगीन सप्ताह’ भरतो. हातानं शिवलेले कपडे घालून लोक जुन्या दगडी गल्ल्यांतून हिंडतात, चुलीवर रांधतात, लोहारकाम करतात, बाजार मांडतात. युरोपभर असे मेळावे होतात आणि त्यांच्यासाठी जोडे, पट्टे, मातीची भांडी, हातमागाच्या किनारी घडवणारे हौशी आणि व्यावसायिक कारागीर तयार झाले आहेत. या सगळ्यांत मला सर्वांत जास्त ओढ आहे ती चिलखत विणणाऱ्यांची. काचेआडचं चिलखत पाहून जे कधीच कळत नाही, ते या लोकांना बोटांनी कळलेलं असतं.

विणीचा नियम एका वाक्यात सांगता येतो: प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते. कष्ट आहेत ते कडी बंद करण्यात.

आधी तार हवी. मध्ययुगात ती सोनाराकडे असते तशी भोकांच्या पोलादी पट्टीतून, एकाहून एक बारीक भोकांतून ओढून काढत. आजचे बहुतेक कारागीर लोखंडाची तयार तार घेतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. ती सळईभोवती घट्ट गुंडाळायची, गुंडाळी कापून कड्या सुट्या करायच्या, मग प्रत्येकीची दोन टोकं एकमेकांवर चढवायची. भट्टीत तापवून सावकाश निवू दिलं की लोखंड नरम पडतं. मग ऐरणीवर हातोड्यानं ती चढवलेली टोकं चपटी करायची आणि टोच्यानं त्यांतून भोक पाडायचं. टोचा जरासा एका अंगाला सरकला तर टोक फाटतं आणि कडी वाया जाते. ती बाद करून दुसरी घ्यायची. भोक नीट पडलं की कडी चार कड्यांत ओवायची, भोकात इवलासा रिव्हेट बसवायचा आणि सांडशीनं दाबून त्याचं डोकं पसरवायचं. एक कडी झाली. गुडघ्यापर्यंत पोचणाऱ्या, लांब बाह्यांच्या चिलखताला, कडीच्या मापानुसार, अशा वीस-तीस हजार लागतात.

हे काम निम्म्यावर आणण्याची युक्ती जुन्यांना ठाऊक होती. १९८२मध्ये यॉर्क शहरात इमारतीचा पाया खणताना आठव्या शतकातलं एक शिरस्त्राण सापडलं. मानेच्या रक्षणासाठी त्याला कड्यांची झालर आहे. तिच्यात काही कड्या रिव्हेटच्या आहेत, तर काही सांधा जोडून आधीच अखंड केलेल्या. अखंड कड्यांची एक ओळ, रिव्हेटच्या कड्यांची एक ओळ असं विणलं की रिव्हेट निम्मेच मारावे लागतात. संग्रहालयातल्या पाटीवर हे वाचून आपण पुढे जातो. हजारभर रिव्हेट मारून हात भरून आलेल्या माणसाला मात्र ती युक्ती शोधणाऱ्याचं मोल कळतं.

नवशिके सहसा रिव्हेटच्या वाटेला जात नाहीत. जस्त चढवलेली तार घेऊन कड्यांची टोकं पकडीनं नुसती भिडवतात. वीण शिकायला ते ठीक आहे, पण जोराचा घाव बसला की भिडवलेली टोकं उघडतात. म्हणूनच काटेकोर गट मेळाव्यात रिव्हेटचंच चिलखत मान्य करतात. ते विणायला ज्यांना वेळ नाही ते विकत घेतात, आणि युरोप-अमेरिकेत विकली जाणारी अशी कितीतरी तयार चिलखतं भारतातल्या कारखान्यांत, हातांनीच रिव्हेट मारून बनतात. विकत घेणाऱ्यांच्या तोंडी युरोपातल्या राजांची, लढायांची नावं असतात. या हातांचा उल्लेखही व्हायला हवा.

चिलखत कापून शिवत नाहीत, हे मला फार सुंदर वाटतं. खांद्याला, काखेला, छातीला जिथे घेर हवा तिथे ओळीत जादा कड्या घालायच्या, जिथे आवळायचं तिथे कमी करायच्या. विणीला दिशाही असते. एका दिशेनं टांगली तर वजनानं कड्या मिटतात, वीण अंगाबरोबर आत येते. दुसऱ्या दिशेनं टांगली तर ताणून रुंद पसरते. बाही उलट्या दिशेनं जोडली की हात जड होतो आणि वीण भलतीकडे ओढते. काख नीट विणली नाही तर हात वर करताना अख्खं चिलखत वर खेचलं जातं. ही चूक एकदा अंगावर घालून पाहिली की जन्मभर विसरत नाही, असं विणणारे सांगतात.

१६५९मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, हे आपण शाळेत शिकतो. त्या वजनानं खांदा किती दबतो, त्यातून हात किती मोकळा सुटतो, हे मात्र कुणी विचारत नाही. युरोपातल्या लांब चिलखताचं वजन दहा किलोच्या पुढे जातं. ते सगळं खांद्यांवर येतं. कमरेला पट्टा आवळला की थोडा भार कमरेवर उतरतो. चिलखत तलवारीचा काप अडवतं, मुका मार अडवत नाही. म्हणून त्याखाली गोधडीसारखा, अनेक पदरांचा टाचलेला जाड अंगरखा लागतो. ऑगस्टच्या उन्हात हे दोन्ही चढवून तासभर उभं राहिलेल्या माणसाला गोटलंडच्या शेतकऱ्यांबद्दल विचारावं. तो आधी तहानेबद्दल बोलेल.

न्यूरेंबर्गमध्ये १३८८मध्ये कोन्राड मेंडेल या व्यापाऱ्यानं बारा गरीब वृद्ध कारागिरांसाठी आश्रम काढला. पुढे तिथल्या प्रत्येकाचं आपापलं काम करतानाचं चित्र एका वहीत काढून ठेवण्याची प्रथा पडली. तीत तार ओढणारा आहे, आणि चिलखत विणणाराही. राजांची चित्रं पुष्कळ आहेत. या माणसाचं आहे याचा मला जास्त आनंद होतो.

घामानं चिलखत गंजतं. जुनी रीत अशी की ते वाळूसह पिपात घालून पीप लोळवायचं. कड्या एकमेकींवर आणि वाळूवर घासून चकचकीत होतात. आजही मेळाव्यांच्या तळावर काही जण हे करतात, मग तेलाचा हात फिरवतात. वर्षभराच्या वापरात काही कड्या तुटलेल्या असतात. विकतच्या चिलखताचा मालक मग स्वतः विणणाऱ्याकडे येतो. विणणारा पिशवीतून त्याच मापाच्या नरम केलेल्या कड्या, रिव्हेट आणि सांडशी काढतो, तुटकी कडी कापून टाकतो आणि नवी ओवतो.