वारा फुकटचा, अंदाज मोलाचा

सातारा तालुक्यातील चाळकेवाडी, पाटण तालुक्यातील वनकुसवडे, सांगली जिल्ह्यातील गुढे-पाचगणी आणि ढालगाव येथे पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्याकडे पाहून खालच्या गावांतले शेतकरी विचारतात, "चक्क्या गरागरा फिरतात, मग आमचा पंप का बंद?"

चक्कीची वीज थेट गावाला मिळत नाही. ती राज्याच्या वीजजाळ्यात जाते. शिवाय वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवणे फार महाग पडते. जेव्हा जितकी लागते, तेव्हा तितकीच तयार व्हावी लागते. खळ्यावर वावडीवर उभा राहिलेला माणूस वाऱ्याची वाट पाहत थांबू शकतो. वीजजाळ्याला थांबता येत नाही.

म्हणून उद्याच्या वाऱ्याची वीज आजच सांगावी लागते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१८ साली तसा नियम केला. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागाचा अंदाज राज्य भार प्रेषण केंद्राला कळवायचा. अंदाज मर्यादेबाहेर चुकला, तर उत्पादकाला भुर्दंड बसतो.

हवामानाचे गणित, चक्कीवरील वेगमापक आणि मागील नोंदी यांवरून हा अंदाज बांधतात. पण वारा थोडा चुकला तरी वीज फार चुकते. ताशी ३० किलोमीटरचा वारा २४ वर आला, की वीज जवळजवळ निम्मी होते! ताशी ११ किलोमीटरखाली बहुतेक चक्क्या वीज देत नाहीत आणि ९० च्या सुमारास सुरक्षिततेसाठी बंद होतात. समुद्रावरचा वारा सपाटीमुळे बराच एकसारखा असतो. सह्याद्रीच्या कडे-खोऱ्यांत तो घोटाळतो.

वारा अचानक पडला, तर काही मिनिटांत सुरू होणारी कोयनेसारखी जलविद्युत केंद्रे कामी येतात. पण पोफळीकडे वळवलेले कोयनेचे पाणी कोकणात उतरते. ते पुन्हा कृष्णेत येत नाही. कोळशावरचे संच मात्र इतक्या झटपट पेटत नाहीत.

आणखी एक अडचण आहे. वारा जोरात वाहतो तो जून ते ऑगस्ट, तेव्हा पावसामुळे पंपांना विश्रांती असते. रब्बीत पिकाला पाणी हवे, तेव्हा वारा मंदावलेला असतो.

तेव्हा मंडळी, माळावरची चक्की फिरते म्हणून पंप चालेलच असे नाही. मात्र वाऱ्याचा अंदाज जितका अचूक, तितके विजेचे नियोजन नीट आणि तितके कोयनेचे पाणी जपून वापरता येईल.