दोन तारांवरचा संवाद

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे आणि यंत्रभागांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यात भट्टीचे तापमान, मोटारींचा वेग, विजेचा खप ही सारी माहिती कचेरीतल्या एका संगणकावर गोळा करण्याची सोय आता सर्रास केली जाते. वीस-पंचवीस उपकरणे आणि तो संगणक यांना जोडणारे साधन मात्र अगदी साधे असते. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तारा! या तारा कशा बोलतात आणि पुष्कळदा मध्येच मुक्या का होतात, ते या लेखात पाहू.

या जोडणीचे नाव आर. एस. ४८५. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९८३ साली तिचे नियम ठरविले. हे नियम फक्त विजेविषयी आहेत. संदेशाची भाषा वेगळी असते. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये काढलेली मॉडबस ही त्यांपैकी एक होय. आपणा सीमाभागातील लोकांना हे चटकन पटेल. बोलणे मराठीत असो वा कन्नडमध्ये, आधी आवाज कानापर्यंत पोहोचला पाहिजे.

येथे 'एक' किंवा 'शून्य' कसे ओळखतात? दोन तारांतील विद्युतदाबाच्या फरकावरून. बोलणारे उपकरण निदान दीड व्होल्टचा फरक निर्माण करते आणि ऐकणाऱ्याला २०० मिलिव्होल्टही पुरतात. शेजारच्या मोटारीचा उपद्रव झाला, तर पीळ असल्यामुळे तो दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो, आणि फरक कायम राहतो. म्हणूनच वेग माफक ठेवल्यास हा संदेश १२०० मीटरपर्यंत जातो. सांबऱ्याच्या विमानतळाची धावपट्टी सुमारे २३०० मीटर आहे. तिच्या निम्म्याहून अधिक अंतर झाले हे!

पण त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य मांडणीचे. तार एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे अशी सरळ ओळीने न्यावी, झाडासारख्या फांद्या फोडू नयेत. विहिरीत हाक मारली की ती परत ऐकू येते, तसा संदेश तारेच्या मोकळ्या टोकावर आपटून माघारी फिरतो. तो तेथेच जिरावा म्हणून ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक जोडतात. संदेश सेकंदाला सुमारे वीस कोटी मीटर धावतो, म्हणजे १२०० मीटर जाऊन परत यायला त्याला १२ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला ९६०० अंक पाठविले तर एका अंकाला १०४ मायक्रोसेकंद मिळतात, तेवढ्यात प्रतिध्वनी विरून जातो. १,१५,२०० अंक पाठविले तर जेमतेम ९ मिळतात, आणि प्रतिध्वनी पुढच्या अंकावर येऊन आदळतो. वेग कमी केल्यावर बिघडलेली ओळ 'आपोआप' चालू लागते, त्याचे रहस्य बहुधा हेच.

याची तपासणी सोपी आहे. सर्व उपकरणांची वीज बंद करून दोन तारांमधील रोध मोजावा. तो साधारण ६० ओहम भरला तर ठीक. १२० भरला तर एक रोधक राहिला आहे आणि ४० भरला तर कोणीतरी तिसरा लावून ठेवला आहे, असे समजावे.

दुसरे पथ्य शांततेचे. कोणीच बोलत नसताना दोन तारांतील फरक शून्यावर येतो, आणि ऐकणारा भलतेच काही ऐकू लागतो. म्हणून एक तार रोधकातून ५ व्होल्टला व दुसरी तशाच रोधकातून शून्याला बांधतात. हिशेब असा : ६० ओहमवर २०० मिलिव्होल्ट हवे, तर ३.३ मिलिअँपिअर प्रवाह हवा. ५ व्होल्टला त्यासाठी एकूण १५०० ओहम लागतात. त्यातून ६० वजा करून निम्मे केले की ७२० येतात. तेव्हा ६८० किंवा ५६० ओहमचे दोन रोधक घ्यावेत, आणि ते ओळीत एकाच ठिकाणी लावावेत.

तिसरे पथ्य सर्वांत अधिक विसरले जाते. तारा दोन म्हटल्या तरी शून्य दाबाची तिसरी तार लागतेच. शून्याच्या मानाने दोन्ही तारांचा दाब उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट या मर्यादेत राहिला पाहिजे. दोन शेडची अर्थिंग वेगवेगळी असेल आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर ही मर्यादा क्षणात ओलांडली जाते व उपकरणे जळतात. इमारत बदलताना विद्युत संबंध तोडून केवळ संदेश पुढे देणारे उपकरण मध्ये घालावे, हे उत्तम.

एवढे सारे केले, तरी यंत्र तातडीने थांबविण्याचे काम केवळ या ओळीवर कधीही सोपवू नये. तेथे माणसाच्या हाताचा आणि जिवाचा प्रश्न असतो. त्यासाठी थेट वीज तोडणारे स्वतंत्र बटण हवेच.

आपल्यापैकी अनेक विद्यार्थी उद्या अशाच कारखान्यांत जातील. ओळ अडखळली की प्रथम संगणकाच्या प्रोग्रामला दोष देण्याची रीत आहे. त्यांनी आधी मीटर हाती घ्यावा आणि त्या दोन तारांमध्ये ६० ओहम आहेत की नाहीत, ते पाहावे.