खतावणीतला अँथनी

आयुष्यातली उमेदीची वर्षे बँकेत गेली. खतावणीचे पान पाहून माणूस ओळखण्याची सवय त्या नोकरीने लावली. कर्ज कशासाठी काढले, हप्ता कधी थकला, जामीन कोण राहिला, एवढ्यावरून संसाराचा अंदाज येतो. मात्र तो अंदाजच. लेकीच्या लग्नासाठी काढलेल्या रकमेसमोर त्या लेकीचे नाव कुठेच नसते.

अमेरिकेतल्या एका घराण्याची हकीकत वाचताना हे सारे आठवले. काळ सतराव्या शतकाचा, तो मुलूख इंग्रजांची वसाहत असतानाचा. घराण्याचा मूळ पुरुष अँथनी जॉन्सन. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबा सापडतात, कारण त्या वह्या घराण्यांसाठीच लिहिलेल्या असतात. अँथनी सापडतो तो कराच्या, जमिनीच्या आणि कोर्टाच्या दप्तरात.

1625 सालच्या व्हर्जिनियातील शिरगणतीत बेनेट नावाच्या मळेवाल्याकडे दोन नावे आहेत. 'अँटोनिओ, निग्रो', 1621 साली 'जेम्स' जहाजातून आलेला. आणि 'मेरी, निग्रो स्त्री', 1622 साली आलेली. ना आडनाव, ना गाव. मार्च 1622 मध्ये मूळ रहिवाशांनी त्या मळ्यावर हल्ला केला. पन्नासवर माणसे मारली गेली. वाचलेल्या मोजक्यांत हा अँटोनिओ होता. पुढे कागदोपत्री दिसणारे अँथनी आणि मेरी जॉन्सन हे जोडपे तेच, असे इतिहासकार मानतात.

मधली बरीच वर्षे कागद गप्प आहेत. मग 1651 च्या सुमारास अँथनी एकदम जमीनदार म्हणून भेटतो. वसाहतीत माणूस आणण्याचा खर्च करणाऱ्याला माणशी 50 एकर जमीन मिळे. अँथनीने पाच माणसांपोटी 250 एकर मिळवली. 1653 साली त्याच्या मळ्याला आग लागली. कोर्टाने दया दाखवून मेरीला आणि दोन मुलींना जन्मभर कर माफ केला. तो कर गोऱ्या बायकांना नव्हताच, काळ्यांना होता. म्हणजे आगीत सर्वस्व गेले, तेव्हा कुठे या मायलेकी करापुरत्या गोऱ्या बायकांच्या बरोबरीला आल्या!

वंशजाचा हात थबकावा असे पान यानंतर येते. जॉन कॅसर हा काळा नोकर म्हणू लागला, माझी मुदत केव्हाच संपली, मला सोडा. अँथनीचे म्हणणे, हा जन्मभरासाठी माझा. शेजारच्या गोऱ्याने कॅसरला ठेवून घेतले. अँथनी कोर्टात गेला आणि 1655 साली जिंकला. कॅसरला परतावे लागले. ज्याने स्वतः गुलामी सोसली, त्यानेच दुसऱ्याला अडकवले. पूर्वज शोधायला निघालेल्याने हे पान उलटून पुढे जाता कामा नये. जमेची बाजू तेवढी वाचून ताळेबंद होत नाही.

1665 च्या सुमारास कुटुंब मेरीलँडला गेले. तिथेच अँथनी वारला. 1670 साली व्हर्जिनियात ज्यूरीने त्याच्या तिथल्या जमिनीचा निकाल दिला: तो निग्रो होता, म्हणून परका, जमीन सरकारजमा करता येते. ज्या कोर्टाने त्याला मालक म्हणून न्याय दिला, त्याच मुलखाने पंधरा वर्षांत त्याला परका ठरवले. कायदा बदलत होता, कातडीचा रंग हाच पुरावा होऊ लागला होता.

1677 साली जॉन नावाच्या नातवाने मेरीलँडमध्ये 44 एकर जमीन घेतली. त्या जमिनीचे नाव नोंदले गेले, 'अंगोला'. आफ्रिकेचा तो किनारा या नातवाने पाहिलेला नव्हता. आजोबांनी, नाहीतर आजीने, रात्री केव्हातरी त्याला काही सांगितले असणार. काय सांगितले, ते कुठल्याच दप्तरात नाही. पण बाकीच्या नोंदी कारकुनांनी आपल्या सोयीने केल्या. हे एक नाव मात्र घरातून आले.

आपल्या घरच्या सात-बाऱ्यावरही एखाद्या शेताला असे जुने नाव असेल. ते कुणी ठेवले, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून ठेवावे.